आषाढातल्या उन्हाचा हिशेब

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पेणच्या अलीकडे हमरापूरला थांबते. या स्टेशनाच्या आजूबाजूला हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावं आहेत आणि या गावांचा धंदा विचारला तर उत्तर एकच, गणपती. घराच्या ओटीवर, पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये, शेताच्या कडेला प्लास्टिक ताणून उभ्या केलेल्या मांडवात मूर्ती ओळीने उभ्या असतात. त्यातल्या काही कच्च्या असतात, काहींवर पांढरा हात बसलेला असतो, काही डोळ्यांच्या आखणीची वाट बघत असतात. साच्यातून काढण्याचं आणि घासण्याचं काम वर्षभर चालू असतं. पण खरी घाई सुरू होते ती पाऊस लागल्यावर. रंगकाम, सोनेरी कडा, डोळे आणि ट्रकमध्ये चढवायची गडबड, सगळं आषाढ-श्रावणात येतं.

आणि आषाढ-श्रावणातच वीज जाते.

म्हणून ‘कारखाना सोलरवर टाकला तर?’ हा प्रश्न इथे कुणालाही पडेल. एप्रिलच्या उन्हात पत्र्याला हात लावला की उत्तर हो असंच वाटतं. गफलत तिथेच होते. सोलर विकणारा माणूस साधारणपणे उन्हाळ्यात येतो, पॅनेलचे आकडे उन्हाळ्याचे सांगतो आणि ‘सालभर सरासरी’ असा एक शब्द टाकून जातो. तार नसलेल्या, म्हणजे ऑफ-ग्रिड व्यवस्थेला सालभराची सरासरी काही कामाची नाही. तिला फक्त सगळ्यात वाईट आठवडा कळतो. जोह्यात तो आठवडा नेमका मूर्तिकाराच्या सगळ्यात घाईच्या दिवसांत येतो. हा हिशेब तोंडी होत नाही. त्याला एक्सेलचा तक्ता लागतो. तो कसा मांडायचा, ते एका कल्पित पण जोह्यात कुठेही सापडेल अशा मध्यम कारखान्यावर करून बघू.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. घरांच्या छतांवर आज जे सोलर दिसतं, ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं ते, तारेला जोडलेलं असतं. दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जाते, रात्री परत येते. बॅटरी लागत नाही, त्यामुळे स्वस्त पडतं. पण बाहेरची वीज गेली की त्याच क्षणी हेही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तसा नियमच आहे. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून. तेव्हा छतावर पॅनेल आहेत म्हणजे वीज गेल्यावर दिवे लागतील, असं गृहीत धरू नये. 3 जून 2020ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगडात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. अशा वेळी उपयोगी पडते ती स्वतःच्या बॅटरीवर स्वतःच्या पायावर उभी राहणारी व्यवस्था. याच जिल्ह्यातलं घारापुरी बेट 22 फेब्रुवारी 2018पर्यंत असंच तारेविना होतं. संध्याकाळी काही तास जनरेटर चाले. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकली, तेव्हा तिथे चोवीस तास वीज आली.

आता तक्ता. पहिल्या पानावर भार लिहायचा. पाच रकाने पुरतात: वस्तू, वॅट, नग, रोजचे तास आणि शेवटी गुणाकार. शेवटच्या रकान्यात आकडा लिहायचा नाही, सूत्र लिहायचं. ई2 मध्ये =बी2*सी2*डी2, आणि ते खाली ओढत न्यायचं.

आपल्या कारखान्यात 20 वॅटच्या 12 एलईडी ट्यूब आहेत, रोज 8 तास. म्हणजे 1,920 वॅट-तास. साधे 75 वॅटचे 6 छतपंखे 12 तास चालतात, कारण पावसाळ्यात मूर्ती वाळायला वारा लागतो. ते झाले 5,400. रंगाच्या गनसाठी 1 एचपीचा कॉम्प्रेसर आहे. एचपी म्हणजे 746 वॅट, पण ते मोटरने दिलेलं काम झालं. विजेतून ती हजार वॅटच्या आसपास ओढते. कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत नाही. टाकी भरली की थांबतो, दाब उतरला की पुन्हा सुरू होतो. प्रत्यक्ष चालू वेळ 3 तास धरू, 3,000. अर्ध्या एचपीचा पाण्याचा पंप अर्धा तास, 250. मोबाइल, स्पीकर वगैरे 100. बेरीज 10,670 वॅट-तास, म्हणजे दिवसाला जवळपास पावणेअकरा युनिट.

इथेच थांबून पंख्यांच्या ओळीकडे बघा. निम्मा भार त्या एका ओळीत आहे. 75च्या जागी 30 लिहिलं, म्हणजे बीएलडीसी पंखे घेतले, तर 5,400चे 2,160 होतात आणि बेरीज 7,430वर येते. एक आकडा बदलला आणि खालचे सगळे आकडे आपोआप हलले. एक्सेलच्या पूर्वजाचा जन्मच यातून झाला. हार्वर्डच्या वर्गात फळ्यावर एक आकडा पुसला की त्यावर टेकलेले सगळे आकडे पुन्हा लिहावे लागत. ते बघून डॅन ब्रिकलिनच्या डोक्यात कल्पना आली आणि 1979 साली त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर ‘व्हिसिकॅल्क’ बाजारात आणलं. पंखे बदलायचा खर्च पॅनेल-बॅटरीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. म्हणून सोलरची पहिली खरेदी पंख्याच्या दुकानात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या पानावर बारा महिन्यांचं ऊन. मोजायचं एकक ‘पूर्ण उन्हाचे तास’. दर चौरस मीटरला 1,000 वॅट असं कडक ऊन किती तास पडलं असतं तर दिवसभरात मिळाली तेवढीच ऊर्जा मिळाली असती, तो आकडा. हे आकडे घरबसल्या फुकट मिळतात. जागतिक बँकेच्या ‘ग्लोबल सोलर ॲटलास’वर किंवा युरोपीय आयोगाच्या ‘पीव्हीजीआयएस’वर नकाशात गावावर बोट ठेवलं की झालं. नासाचा ‘पॉवर’ हा संच तर रोजचे आकडे देतो, तेही कित्येक वर्षांचे, आणि ते थेट एक्सेलमध्ये उघडतात. आपल्या कोकणपट्टीत एप्रिल-मे महिन्यांत साडेसहाच्या पुढे तास मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीन ते चार. हिशेबाला साडेतीन धरू.

पॅनेलवर जेवढं ऊन पडतं तेवढी वीज दिव्यापर्यंत पोहोचत नाही. पॅनेल तापतं, त्यावर धूळ बसते, तारेत थोडं जातं, बॅटरीत घालताना-काढताना जातं, इन्व्हर्टर आपलं कमिशन घेतो. सगळं मिळून शंभरातले पासष्ट हाती येतात असं धरणं शहाणपणाचं. म्हणजे रोजचा भार भागिले उन्हाचे तास भागिले 0.65. एप्रिलला 7.43 युनिटांसाठी पावणेदोन किलोवॅट पॅनेल पुरे. 550 वॅटची चार. जुलैला त्याच भारासाठी थेट सव्वातीन किलोवॅट लागतात, म्हणजे सहा पॅनेल. जुने पंखे ठेवले असते तर नऊ.

पॅनेल किती कलवायचं, याबद्दलही एक गोष्ट जोह्यात वेगळी आहे. आपण जेवढ्या अक्षांशावर आहोत तेवढा कल दक्षिणेकडे द्यायचा, इथे सुमारे 19 अंश, असा सरधोपट सल्ला मिळतो. वर्षभराच्या बेरजेला तो बरोबर आहे. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो. या काळाच्या दोन टोकांना शून्य सावलीचे दिवस येतात. म्हणजे नेमक्या गरजेच्या महिन्यांत दक्षिणेकडे कललेलं पॅनेल सूर्याकडे थोडी पाठ करून बसतं. शिवाय पावसाळ्यातलं ऊन ढगांतून सगळीकडून झिरपत येतं, आणि त्याला आडवं पॅनेल अधिक चांगलं झेलतं. पाणी वाहून जावं, धूळ साचू नये एवढा, दहाएक अंशांचा कल पुरे.

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि सहा पॅनेल, तीन दिवसांची बॅटरी असं ठरवून मोकळे होतात. मी म्हणेन, खरा हिशेब इथून सुरू होतो.

साडेतीन तास ही जुलैची सरासरी. जुलैमधला कुठलाही दिवस साडेतीन तासांचा नसतो. दोन दिवस लख्ख उघडीप मिळते आणि मग पाच दिवस असा पाऊस धरतो की दुपारी बारालाही कारखान्यात दिवा लावावा लागतो. त्या दिवसांत एक तास मिळाला तरी पुष्कळ. म्हणून तिसऱ्या पानावर रोजकीर्द लिहायची, दुकानात लिहितात तशीच. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. जमा म्हणजे त्या दिवसाचे तास गुणिले पॅनेलचे किलोवॅट गुणिले 0.65. खर्च म्हणजे पहिल्या पानावरची बेरीज. दुकानाच्या कीर्दीपेक्षा फरक दोनच आहेत. बॅटरी भरली की वरची जमा कुणी घेत नाही, ती वाया जाते. आणि शिल्लक शून्याखाली जाऊ शकत नाही, तिथे उधारी नाही, अंधार आहे. एक्सेलमध्ये हे दोन्ही ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या दोन सूत्रांनी बसतं.

नमुन्यादाखल एक आठवडा मी बसवला: उन्हाचे तास 3, दीड, 1, 0.8, 1.2, अडीच आणि 4. जोह्यात राहिलेल्या कुणालाही हा आठवडा ओळखीचा वाटेल. बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची, 48 व्होल्टच्या वर्गातली, प्रत्येकी 5.12 युनिटची, अशा चार. त्यांतून नव्वद टक्केच वापरायचं आणि इन्व्हर्टरची घट वजा करायची, म्हणजे हातात साडेसोळा युनिट. सहा पॅनेल. पहिल्या दिवसअखेर शिल्लक साडेपंधरा. दुसऱ्या दिवशी सव्वाअकरा. तिसऱ्या दिवशी सहा. चौथ्या दिवशी रात्री 0.3. पाचव्या दिवशी साडेचार युनिटची तूट, कारखाना बंद. सहाव्या दिवशी थोडं उजाडलं तरी दिवसाचा खर्चही निघत नाही. सातव्या दिवशी चार तास कडक ऊन पडलं, सगळे खूश, आणि बॅटरीत जमा किती? सव्वा युनिटसुद्धा नाही.

तक्त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी ओळ ही सातव्या दिवसाची आहे. असंच रोज चार तास ऊन पडत राहिलं तरी ही बॅटरी भरायला दोन आठवडे लागतील, आणि जुलैत दोन आठवडे असं ऊन कोण देणार? सरासरीला बरोबर पुरतील एवढेच पॅनेल घेतले तर बॅटरी एकदा रिती झाली की ती पुन्हा भरत नाही. लग्नात कर्ज काढलेल्या माणसाचं व्याजातच सगळं जातं, तसं.

तूट भरायला लोक बॅटरी वाढवतात, कारण ‘बॅकअप’ म्हटलं की डोळ्यांसमोर बॅटरीच येते. तक्ता वेगळं सांगतो. हाच आठवडा बॅटरीने पार करायचा तर आणखी दोन बॅटऱ्या लागतात, आणि आठवडा संपला तरी त्या रिकाम्याच राहतात. त्याऐवजी पॅनेल सहाची नऊ करा. पहिल्या दिवशी बॅटरी काठोकाठ, मग 13.9, 9.7, 4.8, पाचव्या दिवशी 1.3, सहाव्याला 1.9 आणि सातव्याला सव्वासात. कारखाना एकदाही थांबला नाही आणि आठवड्याअखेर बॅटरी सावरू लागली. ढगातून येणारं थोडंसं ऊन गोळा करायला मोठी चादर पसरणं, ते साठवायला मोठं पातेलं आणण्यापेक्षा बरं. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं. बॅटरी तेवढी टिकत नाही.

शिसं-आम्लाची, म्हणजे नेहमीची ट्यूब्युलर बॅटरी घ्यायची म्हटलं तर तीच साठवण 12 व्होल्ट, 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) वीस बॅटऱ्यांत जाते. कारण ती निम्म्याखाली रोज उतरवली की लवकर संपते. चार-चारच्या पाच माळा, दर माळेतलं पाणी बघायचं आणि एक कमजोर निघाली की ती सगळी माळ ओढत नेते. शिवाय एएचचा आकडा विचारताना तो सी10चा की सी20चा, हेही विचारावं. तीच बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर जास्त एएच दाखवते, दहा तासांत केली तर कमी.

तार हा तक्त्यातला सगळ्यात दुर्लक्षित रकाना. हजार वॅट 12 व्होल्टवर न्यायचे तर 83 अँपिअर, 48 व्होल्टवर 21. तारेतली घट प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे त्याच तारेत 12 व्होल्टला सोळापट उष्णता वाया जाते. पत्र्याच्या शेडमध्ये, वर प्लास्टिक आणि खाली थिनरचे डबे असताना तापलेली तार कुणाला हवी?

आता कॉम्प्रेसरकडे वळतो, कारण तो पहिल्यापासून मला खुपतोय. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. हजार वॅटचा कॉम्प्रेसर सुरू होताना पाच-सहा हजार मागतो. अर्धा तास चालणारा पंप सोडला तर बाकीचा सगळा कारखाना, ट्यूब आणि पंखे मिळून, सव्वाचारशे वॅट. म्हणजे एका धपक्यासाठी 5 केव्हीएचा इन्व्हर्टर घ्यायचा. शिवाय पाऊस धरलेला असताना हवेत इतका ओलावा असतो की रंग वाळत नाही. त्या दिवसांत अनुभवी रंगारी स्प्रे टाळून हाताचं काम काढतात, कडा, दागिने, आखणी. मग त्याच दिवसांत कॉम्प्रेसर चालावा म्हणून एवढी बॅटरी कशाला ठेवायची?

कॉम्प्रेसरच्या ओळीत तासांच्या जागी शून्य लिहून बघा. भार 4,430. पॅनेल सहा, पण बॅटऱ्या चारऐवजी दोन. तोच आठवडा पुन्हा चालवा: 8.3, 7.1, 4.8, 2.1, पाचव्या दिवशी 0.2, मग 1.2, सातव्या दिवशी सव्वापाचच्या जवळ. अगदी काठावर, पण दिवे गेले नाहीत, पंखे थांबले नाहीत. मूर्ती वाळत राहिल्या. इन्व्हर्टरही निम्म्याहून लहान चालला. कॉम्प्रेसर महावितरणच्या विजेवर ठेवायचा, आणि ती नसेल तेव्हा छोटा जनरेटर. पाऊस धरलेल्या आठ दिवसांत त्याला फार तर चोवीस युनिट लागतील. पेट्रोलच्या लहान जनरेटरला दर युनिटला अर्धा-पाऊण लिटर धरा. तेवढ्यासाठी दोन बॅटऱ्या आणि तीन पॅनेल विकत घेण्यात काय हशील?

किमतीचा रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. भाव वर्षागणिक हलतात. सप्टेंबर 2025मध्ये सोलरवरचा जीएसटी 12वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा आधी काढलेली सगळी कोटेशनं जुनी झाली. तक्त्यात दर एकाच चौकोनात ठेवावा आणि कोटेशन हातात आल्यावर भरावा.

पॅनेलची चौकट कोटेशनात शेवटच्या ओळीत असते, म्हणून तिच्यावर पैसे वाचवायचा मोह होतो. निसर्ग वादळाचा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. नुसत्या पत्र्याला स्क्रू मारून बसवलेलं पॅनेल अशा वाऱ्यात पत्र्यासकट उडतं. खालच्या कैचीला किंवा जमिनीत रोवलेल्या खांबांना धरूनच ते बसवायला हवं. धरमतरची खाडी लांब नाही, खारा वारा लागतो. म्हणून लोखंड गरम जस्तात बुडवलेलं हवं, नुसता रंग मारलेलं नको. आणि दुपारी तीनला माडाची सावली एका पॅनेलवर जरी आली तरी सगळी माळ मंदावते, एवढं बसवायच्या आधी एक दिवस उभं राहून बघून घ्यावं.

तक्त्यात शेवटी एक गोष्ट अशी येते की जी मुंबई-पुण्याच्या कुठल्याही सोलरवाल्याच्या तयार तक्त्यात नसते. ऊन चालतं सूर्याच्या पंचांगावर आणि कारखाना चालतो तिथीवर. 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026ला मध्ये अधिक ज्येष्ठ आला म्हणून ती 14 सप्टेंबरला गेली. चतुर्थी ऑगस्टअखेर असेल तर रंगकामाची सगळी घाई जुलैच्या काळोखात अडकते. सप्टेंबरच्या मध्यावर असेल तर ऑगस्टअखेरच्या उघडिपीचे दोन-तीन आठवडे कामाला मिळतात. म्हणून दुसऱ्या पानावर महिन्यांच्या शेजारी एक रकाना आणखी घालावा, चतुर्थीला किती दिवस उरले त्याचा, आणि भार त्या रकान्यावरून ठरवावा. 2027ला चतुर्थी 4 सप्टेंबरला आहे. एकाच चौकोनात तारीख बदलायची, बाकीचा तक्ता दहा दिवस मागे सरकतो.